कुणाचं घ्यावं? – नांगर, इंजिन आणि ग्राफिक्स कार्ड

मंडळी, "कुणाचं घ्यावं?" हा प्रश्न आमच्या सातारा-सांगलीकडे फार जुना आहे. "घ्यावं का?" हे एकदा घरात ठरलं, की पुढचा प्रश्न हाच. ब्रँड हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. "कुठल्या मेकचं?" असं विचारत. नांगर घेताना विचारलं, इंजिन घेताना विचारलं, सायकल आणि रेडिओ घेतानाही विचारलं. आता तोच प्रश्न संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाबद्दल विचारला जातोय.

निमित्त असं की माझ्या धाकट्या बहिणीची नात सांगलीत घरबसल्या काम करते. बांधकामाचे नकाशे घेऊन घर बांधून झाल्यावर कसं दिसेल याची हुबेहूब चित्रं ती संगणकावर करून देते. तिचा संगणक जुना. एक चित्र तयार व्हायला सगळी रात्र लागते, आणि सकाळी गिऱ्हाईक "खिडकी जरा डावीकडे घ्या" म्हणालं की आणखी एक रात्र! म्हणून तिला नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. चाळीस हजारांच्या आसपासचं प्रकरण. निम्मे पैसे साठवलेले, निम्मे पतसंस्थेचे. म्हणजे कार्ड दोन वर्षांत गेलं तरी हप्ता राहणार. तिने मला फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. सांगा, कुठल्या कंपनीचं टिकतं?"

प्रश्न तसा चेष्टेतला, पण मला तो बरोबर ठिकाणी विचारलाय असं वाटलं. कार्डाच्या पोटात काय असतं ते मला तिनेच समजावून सांगितलं. पण यंत्र विकत घेणाऱ्याचा भरवसा कशावर बसतो, याचा इतिहास मात्र आमच्या अंगणातलाच आहे. तोच आज सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले, हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले आणि भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातलं. तिथून कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर चांगला होता. पण पहिली दोन वर्षं त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत, ही गोष्ट तर पुस्तकांतून कितीतरी वेळा छापून आलेली आहे.

ही गोष्ट वाचून मुलं वर्गात हसायची. मी त्यांना विचारायचो, लाकडी नांगर मोडला तर शेतकरी कुठे जायचा? सुताराकडे. फाळ बोथट झाला तर? लोहाराकडे. दोघेही गावातलेच, दोघांचं बलुतं ठरलेलं. मोडलेला नांगर दुसऱ्या दिवशी पुन्हा औताला जुंपता यायचा. आता या बिडाच्या नांगराचा तुकडा पडला तर? बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते गावच्या लोहाराच्या भट्टीत जुळत नाही. पेरणीच्या तोंडावर नांगर मोडला की बेळगाव गाठायचं! जमीन विषारी होण्याची भीती खोटी असेल, पण तिच्या मागे ही दुसरी भीती असणार, आणि ती अगदी व्यवहारी होती, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे लोखंडी नांगराचा शोधच मुळी या भीतीवर उपाय म्हणून पुढे गेला. इंग्लंडात इप्सविचला रॉबर्ट रॅन्सम नावाच्या माणसाने १७८९ मध्ये ओतकाम सुरू केलं. १८०३ मध्ये त्याने असा फाळ काढला, की एका बाजूने कठीण, दुसऱ्या बाजूने मऊ. त्यामुळे तो जमिनीत घासून आपोआप धारदार राहायचा. पाच वर्षांनी त्याने सुटे भाग बदलता येतील असा नांगराचा सांगाडा काढला. फाळ झिजला, फाळ बदला. बाकीचा नांगर तसाच. म्हणजे नांगराबरोबर सुटा भाग विकणं हा त्या धंद्याचा पायाच होता.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा किती खोल जातात ते शेतकऱ्यालाच विचारा. लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपले तरी ती मुळं पुरती निघत नसत. लोखंडी नांगर ती उपटून काढी. त्यामुळे गरज होतीच. अडलं होतं ते विश्वासापाशी.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. निवडुंग आणि साप यांच्याशिवाय त्या माळावर काही नव्हतं. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. (आज ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. स्टेशनचंही नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं.) जागा रेल्वेलगत होती ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नांगर गाडीने जायचा तसाच फाळही गाडीनेच जायचा. जवळचं स्टेशन म्हणजेच त्या काळचं सर्व्हिस सेंटर म्हणा ना!

मग पहिलं महायुद्ध आलं. विलायतेहून येणारा माल आटला, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. पण कच्चं लोखंड आणि कोकसुद्धा मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, हे आमच्या भागात मोठ्या अभिमानाने सांगतात. तोफेचा नांगर झाला! मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. टंचाईच्या काळात ज्याने माल पुरवणं थांबवलं नाही, त्याचं नाव माणसं विसरत नाहीत. टंचाई सरली की उरतं ते नाव.

१९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. आपण पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून जे वाचलं, त्याचा हा उगम. कारखान्याने स्वतःच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यावी म्हणून काढलेलं हे पत्र. विकून झाल्यावरही गिऱ्हाइकाशी बोलत राहायचं ही कल्पना त्या काळी केवढी नवी असेल! पुढे १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत पाण्याचा सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला.

आता साताऱ्याकडे येऊ. धनजीशा कूपर हे साताऱ्याचे पारशी गृहस्थ. १९३७ मध्ये काही महिने ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते (मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत), म्हणून त्यांचं नाव राजकारणाच्या इतिहासात येतं. मला मात्र त्यांचा कारखाना जास्त मोलाचा वाटतो. १९२२ मध्ये सातारा रोडला, म्हणजे कोरेगाव तालुक्यातल्या पाडळीला, कूपर इंजिनिअरिंग सुरू झालं. तेही रेल्वेच्याच कडेला, त्याच पुणे-मिरज मार्गावर! सुरुवात लोखंडी नांगरांनी. १९३३ मध्ये तिथे डिझेल इंजिन तयार झालं. देशात बनलेलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून त्याचं नाव घेतात. १९४० च्या सुमारास कारखाना वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाकडे गेला. मालक बदलले तरी इंजिनावरचं नाव कूपरच राहिलं. किर्लोस्करांनी डिझेल इंजिनांची स्वतंत्र कंपनी पुण्याला काढली ती १९४६ मध्ये.

म्हणजे माझ्या लहानपणी शेतकऱ्यापुढे दोन्ही नावं घरचीच होती. "कूपर का किर्लोस्कर?" यावर पारावर जे वाद चालत, ते आज पोरं कार्डावरून घालतात त्यापेक्षा कमी नव्हते!

माझ्या मामांनी १९६१ मध्ये विहिरीवर इंजिन बसवलं. गाव रहिमतपूरजवळ. तोवर मोट होती. कोयनेची वीज तयार व्हायला लागली १९६२ मध्ये, आणि ती गावच्या विहिरीपर्यंत यायला पुढे बरीच वर्षं गेली. त्यामुळे इंजिनाशिवाय इलाज नव्हता. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. मामा बाजारात जाऊन दुकानदाराला भेटले नाहीत, आधी मिस्त्रीला भेटले. कुठल्या इंजिनाच्या रिंगा मिळतात, नोझल कोण बसवतं, एवढंच विचारून आले. घरी आजोबांनी विचारलं, "बंद पडत नाही ना रं?" त्यावर मामा म्हणाले, "आबा, इंजिन बंद पडणारच. बंद पडल्यावर किती दिवस बंद ऱ्हातंय, ते बघायचं."

उभ्या उसाला चैत्रात आठ दिवस पाणी मिळालं नाही तर काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला या वाक्याचं वजन कळेल. मामांनी इंजिन कूपरचं घेतलं, कारण सातारा रोड जवळ होतं आणि मिस्त्रीचा हात त्यावर बसलेला होता. पंप मात्र किर्लोस्करचा. एकाच ओट्यावर सातारा आणि किर्लोस्करवाडी शेजारी शेजारी!

त्याच काळात बाजारात तिसरा प्रकारही होता. इंग्लंडातल्या लिस्टर कंपनीने १९३० च्या आसपास एक साधं, सावकाश फिरणारं, दणकट इंजिन काढलं होतं. त्या धर्तीची इंजिनं आपल्याकडे राजकोटला असंख्य छोट्या कारखान्यांतून निघू लागली. आराखडा एकच, नावं शंभर. वरून बघितलं तर सगळी सारखी. फरक कुठे? ओतकामात, बेअरिंगच्या धातूत, आणि तो कारखाना पाच वर्षांनी जागेवर असेल की नाही यात.

नातीने कार्डाची रचना सांगितली तेव्हा मला पहिल्यांदा हीच इंजिनं आठवली. कारण कार्डाचंही तसंच आहे. मुख्य चिप काढणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९९३ मध्ये निघालेली एनव्हिडिया. २००६ मध्ये कॅनडाची एटीआय विकत घेणारी एएमडी. आणि २०२२ पासून या बाजारात पुन्हा उतरलेली इंटेल. चिपचा आराखडा यांचा. पण आपण दुकानातून घेतो ते अख्खं कार्ड बहुधा दुसऱ्याच कंपनीने बनवलेलं असतं – असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर वगैरे. चिप तीच. तिच्याभोवतीचा पत्रा, पंखे, उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या, वीज पुरवणारे भाग आणि हमीचा कागद मात्र ज्याचा त्याचा. म्हणून एकाच चिपच्या दोन कार्डांत पाच-सहा हजारांचा फरक पडतो, पण चित्र तयार व्हायच्या वेळात मिनिटा-दोन मिनिटांचाच. जास्तीचे पैसे वेगासाठी नसतात, थंडाव्यासाठी, कमी आवाजासाठी आणि नावासाठी असतात.

मग त्या नावाचा भरवसा किती? या धंद्याचा इतिहास तीसेक वर्षांचाच, पण उदाहरणं बोलकी आहेत.

पहिलं थ्रीडीएफएक्सचं. १९९६ मध्ये तिच्या 'वूडू' चिपने खेळांच्या जगात क्रांती केली. चिप ती बनवायची, कार्डं इतर कंपन्या. १९९८ च्या अखेरीस तिने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी घ्यायचं ठरवलं, म्हणजे स्वतःच्याच गिऱ्हाइकांशी स्पर्धा मांडली. ते गिऱ्हाईक उठून एनव्हिडियाकडे गेले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सचा मालमसाला एनव्हिडियानेच विकत घेतला. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा वूडू कार्डवाल्यांना नवे ड्रायव्हर देणारं कुणी उरलं नव्हतं. (ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यातला दुभाषा.) कार्ड धडधाकट, पण त्याचं बोलणं संगणकाला कळेना. शेवटी हौशी लोकांनी आपापसात ड्रायव्हर जुळवले.

दुसरं बीएफजी या अमेरिकन कंपनीचं. तिने कार्डांवर आजन्म हमी दिली होती. मे २०१० मध्ये तिने कार्डांचा धंदा सोडला, ऑगस्टमध्ये कंपनीच गुंडाळली गेली. दुरुस्तीला पाठवलेली कार्डं लोकांना तशीच परत आली. आजन्म हमी, पण जन्म कुणाचा? गिऱ्हाइकाचा, कार्डाचा, की कंपनीचा?

याच्या उलट ईव्हीजीएचं. १९९९ ची ही कंपनी, एनव्हिडियाच्या चिपवर कार्डं बनवायची. सप्टेंबर २०२२ मध्ये तिनेही हा धंदा सोडला. पण सोडताना, विकलेल्या कार्डांची हमी पाळू आणि बदलून देण्यासाठी माल राखून ठेवला आहे, असं जाहीर केलं. दुकान बंद करण्यातही रीत असते!

आणि चौथं उदाहरण नाव बघून घेणाऱ्यांसाठी. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या काही चिपांत दोष निघाल्यामुळे त्याच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत आहोत. ते लॅपटॉप वेगवेगळ्या नामांकित कंपन्यांचे होते. झाकणावरचं नाव एकाचं, पोटातला दोष दुसऱ्याचा. लिस्टरच्या धर्तीच्या इंजिनातही आराखड्यातच खोट असती, तर शंभर नावांनी काय केलं असतं?

हा सगळा इतिहास मी तिला फोनवर दोन हप्त्यांत सांगितला. (शिक्षकाला प्रश्न विचारला की तास होतोच.) मग आम्ही दोघांनी मिळून मामांच्या पद्धतीने चौकशी केली. "बंद पडत नाही ना" हे विचारलंच नाही. बंद पडल्यावर काय, एवढंच विचारलं. ते असं:

कार्ड दुकानात परत द्यायचं की स्वतः पुण्या-मुंबईला पाठवायचं? कार्डात सुटा भाग सहसा बदलत नाहीत, अख्खं कार्डच बदलून देतात. मग ते मॉडेल तीन वर्षांनी शिल्लक असेल का, नसेल तर काय देणार? हमी भारतातली आहे, की माल बाहेरून आडमार्गाने आलेला? पक्कं बिल मिळणार का, आणि त्यावर कार्डाचा नंबर घालून देणार का?

शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व आमच्या ओळखीतल्या एका मुलामुळे कळलं. त्याने कार्ड स्वस्तात घेतलं, दुकानदाराने कच्चं बिल दिलं. दीड वर्षात पंखा गेला. कंपनीने (नाव घेत नाही) पक्कं बिल मागितलं, ते नव्हतं. तेव्हा कंपनीने कार्ड कारखान्यातून निघालेल्या तारखेपासून मुदत मोजली, आणि ती संपलेली होती! पोराचे पैसे गेले ते गेलेच.

जुनं कार्ड घेण्याचाही विचार तिच्या मनात होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते चलन 'खणायला' रात्रंदिवस जुंपलेली कार्डं जगभर सेकंडहँड बाजारात आली. अशी कार्डं वाईटच असतात असं नाही. पण कर्ज काढून घ्यायची वस्तू असेल, तर तिची हमी हप्त्याइतकी तरी चालावी, असं मी म्हटलं. तिला ते पटलं.

तिने सर्वांत महाग घेतलं नाही आणि सर्वांत स्वस्तही नाही. सांगलीतल्याच दुकानातून, पक्क्या बिलावर, तीन वर्षांच्या हमीचं मधलं कार्ड घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्या गावात, दुसऱ्या दुकानात उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि लोक नाव तेवढं लक्षात ठेवतात. पतसंस्थेचे हप्ते तीस महिन्यांचे आहेत, हमी छत्तीस महिन्यांची. हे सहा महिने जास्तीचे बघून मला बरं वाटलं. आता चित्र वीस-पंचवीस मिनिटांत होतं म्हणे, आणि गिऱ्हाईक खिडकी खुशाल डावी-उजवीकडे करतं.

नाव मोठं असणं वाईट नाही. किर्लोस्कर आणि कूपर ही नावं मोठीच झाली. पण ती झाली कशी? फाळ मिळत राहिला, रिंगा मिळत राहिल्या, मिस्त्री शिकत गेले, म्हणून. नाव ही त्या सगळ्याची आठवण असते. नवीन वस्तू घेताना आपण आठवणीवर जातो, आणि ती साठवणारी माणसं आता तिथे आहेत की नाहीत हे बघायचं राहून जातं. एवढं बघितलं की पुरे.

असो. लेख लांबला. सातारा-सांगलीकडच्या वाचकांना आणि नातेवाइकांना एक विनंती – तुमच्या विहिरीवर कुठल्या मेकचं इंजिन होतं आणि ते दुरुस्त कोण करायचं, हे जरूर लिहून कळवा. मेकचं नाव बहुतेकांना आठवेल. मिस्त्रीचंही आठवलं, तर ते आधी लिहा.